तुळशीच्या लग्नानंतरचं लग्न: सणवार, सुट्ट्या आणि रोजचं घर सांभाळून तयारी कशी करावी

आमच्या लेकीचं लग्न गेल्या मार्गशीर्षात झालं. साखरपुडा वैशाखात झाला होता. मधल्या सात महिन्यांत आषाढी, श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी असं सगळंच आलं. मी माध्यमिक शाळेत शिकवते, यजमान साखर कारखान्यात आहेत, सासूबाई शहात्तर वर्षांच्या, धाकटा बारावीला. आम्ही कराडकडचे. घरातलं हे पहिलंच कार्य होतं, त्यामुळे कशाला किती वेळ लागतो याचा काही अंदाज नव्हता.

सुरुवातीला मी ठरवून टाकलं होतं की यंदाचे सण जेमतेम उरकायचे, पुढच्या वर्षी सगळं साग्रसंगीत करू. सासूबाईंनी ते मोडून काढलं. "पुढच्या वर्षी पोरगी इथं असणार आहे का?" एवढंच त्या म्हणाल्या. मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी सण आणि घर दिनदर्शिकेवर मांडलं, आणि लग्नाची कामं त्यांच्या मधल्या जागांत बसवली. ते जमलं. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कार्य निघालंय त्यांच्यासाठी तोच क्रम खाली लिहिते आहे.

१. हॉल बघण्याआधी दिनदर्शिका उघडा

स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेली असते तीच घ्या, आणि तीन रंगांची पेनं. लाल पेनाने घरातले सण, कुळाचार आणि श्राद्धतिथी लिहा. निळ्याने परीक्षा, नोकरीतले गर्दीचे दिवस, सुगी. मग जे कोरे चौकोन उरतील त्यांत हिरव्या पेनाने लग्नाची कामं. आमच्याकडे सप्टेंबरच्या पानावर हिरव्याला जागाच उरली नव्हती. ते जूनमध्येच कळलं म्हणून बरं झालं, कारण सप्टेंबरवर टाकलेली निम्मी कामं आम्ही जुलैत ओढली.

मुहूर्ताचं गणित थोडक्यात असं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि कार्तिकी एकादशीला संपतो. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं लागतात, आणि त्यानंतर लग्नसराई सुरू होते. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य धनु राशीत जातो, तिथून संक्रांतीपर्यंत बरीच घरं लग्न करत नाहीत. पौषही टाळतात. गुरू किंवा शुक्राचा अस्त असला तरी मुहूर्त नसतात, ते गुरुजींना विचारा. हल्ली चातुर्मासातले काढीव मुहूर्तही दिले जातात. ज्यांना चालतं त्यांनी जरूर घ्यावेत, त्या दिवसांत हॉल मिळणं सोपं जातं.

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा येतात. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तुळशीची लग्नं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सुरू होतात आणि डिसेंबरच्या मध्यावर धनुर्मास लागतो. मध्ये जेमतेम तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांतली तारीख हवी असेल तर हॉल, आचारी आणि गुरुजी या तिघांना एकाच आठवड्यात गाठा.

मार्गशीर्षातलं लग्न असेल तर वारही बघा. त्या महिन्यातल्या गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचं व्रत असतं, पुष्कळ बायकांचा दिवसभर उपास असतो आणि संध्याकाळी त्यांना घरी पूजेला पोचायचं असतं. गुरुवार टाळता आला तर उत्तम. नाहीच टळला तर साबुदाण्याची खिचडी आणि फळांची सोय आचाऱ्याला लेखी सांगून ठेवा. तसंच चंपाषष्ठीचं. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडलेली माणसं अजूनही पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावरच वांगं खातात. लग्न त्याआधीचं असेल तर पंगतीतली भरली वांगी बदला.

रजेचं आत्ताच बोला. आमच्याकडे नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होतो आणि तेव्हा कारखान्यात रजा मिळणं अवघड. यजमानांनी जूनमध्येच लेखी अर्ज देऊन ठेवला, म्हणून लग्नाला सलग सहा दिवस मिळाले. शेतीवाल्या घरांनी सोयाबीनची काढणी, भाताची कापणी, ऊसतोड हे सगळं निळ्या पेनात घ्यावं. मजूर मिळेनात म्हणून मुलीचा बाप हळदीच्या आदल्या दिवशी शेतात अडकलेला मी पाहिला आहे.

२. याद्या होतील त्याच दिवशी सणांचीही यादी करा

याद्या करायला बसतात तेव्हा हॉलचा खर्च कोणाचा, दागिने कोणी काय करायचे, मानपान किती, पानं किती, हे कागदावर येतं. सणांबद्दल मात्र कोणीच काही बोलत नाही, आणि साखरपुडा ते लग्न या काळातले बहुतेक रुसवे सणांवरूनच होतात. होणाऱ्या सुनेला दिवाळीची साडी पाठवायची का? गौरी-गणपतीला जावईबापू येणार की सगळं घर येणार? फराळाचा डबा कोणी आधी पाठवायचा? प्रत्येक घराची रीत निराळी असते, आणि समोरच्यालाही तीच रीत माहीत असेल असं प्रत्येकाला वाटत असतं.

मी विहीणबाईंना सरळ विचारलं, "ताई, तुमच्याकडे मधल्या सणांना काय काय करतात?" त्यांनाही तेच विचारायचं होतं, पण मुलाकडून कसं विचारावं म्हणून त्या थांबल्या होत्या. दहा मिनिटांत ठरलं. गणपतीला दोन्हीकडच्यांनी एकेकदा एकमेकांकडे दर्शनाला यायचं, हातात फुलं आणि पेढे, आहेर नाही. दसऱ्याला मुलं दोघं मिळून दोन्ही घरी सोनं द्यायला येतील. दिवाळीला फक्त फराळ. कपडे, भांडी, वस्तू काहीही लग्नाआधी नाही. ते याद्यांच्याच वहीत शेवटच्या पानावर लिहिलं आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवलं. पुढच्या सहा महिन्यांत या बाबतीत एकदाही वाकडा शब्द झाला नाही. दोन्हीकडचे खर्च वाचले ते निराळंच.

मुलीकडच्यांनी हा विषय काढायला बिचकू नये. सणांचं देणंघेणं सुरुवातीला साडीवर असतं, मग साडीबरोबर मिठाई येते, मग चांदीचं काहीतरी. याद्यांच्या दिवशी थांबवलं नाही तर नंतर ते थांबवणं फार अवघड होतं.

३. रोजचं घर कोणाच्या हातात, ते ठरवा

लग्नघरातही रोज सकाळी दूध येतं, डबे भरावे लागतात, आजीची रक्तदाबाची गोळी चुकवून चालत नाही. ही कामं एकट्या आईवर राहिली तर ती गणपतीपर्यंतच थकते. आम्ही जूनमध्ये वाटणी केली. भाजी आणि किराणा यजमानांकडे, सासूबाईंच्या गोळ्या आणि डॉक्टरांची तारीख धाकट्याकडे, संध्याकाळचा कुकर जो आधी घरी येईल त्याच्याकडे. लग्नाच्या कामासाठी दोन्ही बाजूंनी एकेकच माणूस फोन करील असंही ठरवलं. आमच्याकडून मी, त्यांच्याकडून मुलाची थोरली बहीण. एकाच गोष्टीसाठी चार जणांनी चौघांना फोन केले की चार निरोप तयार होतात.

वही एकच ठेवा, जाड पुठ्ठ्याची, आणि पहिल्या दिवसापासून पैसे त्याच वहीत लिहा. सणांचा खर्च वेगळ्या पानावर घ्या. गणपतीची आरास, दिवाळीची खरेदी लग्नाच्या खर्चात मिसळली की लग्नाला नक्की किती लागले ते शेवटपर्यंत कळत नाही.

आणि आठवड्यातला एक वार लग्नाविना ठेवा. आमचा बुधवार होता. त्या दिवशी संध्याकाळी सातनंतर हॉल, साड्या, पाहुणे यांतलं काहीही बोलायचं नाही. सुरुवातीला फार अवघड गेलं, जेवताना सगळे गप्प बसायचे. तिसऱ्या-चौथ्या बुधवारपासून धाकटा त्याच्या अभ्यासाचं सांगायला लागला. त्याला भौतिकशास्त्र जड जातंय हे मला तेव्हा कळलं. ज्या घरात दहावी-बारावीचं मूल आहे त्यांनी तर हे कराच.

४. आषाढ-श्रावण: हॉल, आचारी, बस्ता, सोनं

चातुर्मासात हॉलवाले आणि आचारी जरा मोकळे असतात. नीट बसून बोलतात, दरही तुटतो. हॉल बघायला भर पावसातच जा. छत कुठे गळतं आणि गाड्या लावायच्या जागेत किती चिखल होतो, ते तेव्हाच दिसतं. विचारायच्या गोष्टी: हॉलचा ताबा नक्की किती वाजता मिळतो आणि किती वाजता सोडायचा, आचारी बाहेरचा चालतो का, जनरेटरचं डिझेल भाड्यात आहे का, वधू-वर पक्षाच्या खोल्यांना गरम पाणी आहे का, वयस्कर माणसांसाठी तळमजल्यावर कमोड आहे का. तारीख मोडली तर अनामत किती परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या.

रात्रीच्या जेवणात मटण-चिकन ठेवायचं असेल तर आचाऱ्याच्या हातची चव आषाढी अमावास्येच्या आत घेऊन मोकळे व्हा. पुढे श्रावणात घरातले निम्मे लोक खाणार नाहीत, आणि मग गणपती येतात.

पैठणी हातमागाची हवी असेल तर येवल्याला किंवा पैठणला आत्ताच सांगावं लागतं. नक्षीप्रमाणे विणायला कित्येक आठवडे, भारी कामाला काही महिनेही जातात. बाकीचा बस्ता श्रावणात बांधून टाका, गणपतीनंतर दुकानांत दिवाळीची गर्दी सुरू होते. बस्त्याला पाच-सहाच माणसं न्या आणि दुपारच्या जेवणाची सोय आधी ठरवा, भुकेल्या पोटी साड्या निवडताना चिडचिड होते.

ब्लाउजचं मी मुद्दाम सांगते. आम्ही नवरात्राच्या तोंडावर शिवायला टाकले. दिवाळीच्या कामात ते मागे पडले आणि लग्नाला नऊ दिवस असताना अकरापैकी चार हातात आले. वन्सं दोन दिवस मशीनवर बसल्या म्हणून निभावलं. ब्लाउज गणपतीच्या आधी टाका, दिवाळीच्या आधी घरी आणा, आणि घालून बघण्यासाठी एक दिवस हिरव्या पेनाने राखून ठेवा.

सोनं एकदम घ्यायचं की दसरा, गुरुपुष्य असं थोडं थोडं, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न. घ्याल ते हॉलमार्कचं घ्या. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक असणं सक्तीचं आहे आणि तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख सराफाला घेता येत नाही. पैसे बँकेतून द्यायची तयारी आधीच करा.

५. गणपती आणि गौरी

या दहा दिवसांत लग्नाची खरेदी ठेवू नका. एक काम मात्र याच दिवसांत चांगलं होतं, ते म्हणजे आमंत्रणांची यादी. सगळे नातेवाईक घरी येऊन जातात. आरती झाली, प्रसाद झाला, की वही सासूबाईंच्या मांडीवर द्यायची आणि आलेल्यांनी नावं सांगायची. कोणाचं घर बदललं, कोणाच्या घरी कोण वारलं, कोणाला पत्रिका हातानेच द्यावी लागते, हे फोनवर कधी कळत नाही. आमच्या यादीतली सतरा नावं त्या दहा दिवसांत दुरुस्त झाली.

बाहेरगावच्या पाहुण्यांना तारीख याच वेळी सांगा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं. डिसेंबरच्या लग्नासाठी मुंबई-नागपूरच्या माणसांनी ऑक्टोबरात तिकिटं काढायची, तर त्यांना गणपतीत कळायला हवं.

आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात. त्या वर्षी लेकीने मुखवटे स्वतः बसवले. दरवर्षी मी बसवते आणि ती पदर धरून उभी राहते. या वेळी तीच पाटावर चढली, मुखवटा कापडाने पुसला, कोथळ्यावर बसवला, नथ अडकवली आणि मान जरा डावीकडे झुकली म्हणून पुन्हा काढून बसवला. सासूबाई खालून सांगत होत्या, "खांद्यावरची पिन दिसू देऊ नको." धाकट्या गौरीला लेकीच्या लग्नासाठी घेतलेलीच हिरवी साडी नेसवली होती, रीत आहे आमच्याकडे. मग तिने पावलं काढली, दारापासून देवघरापर्यंत, हळूहळू, मध्ये कुठेही न थांबता. तेवढा वेळ कोणी बोललं नाही. फोटो काढायचं मला सुचलंच नाही, धाकट्याने काढला. तो आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

तुमच्याकडे गौरी नसतील, दुसरा कुठला सण असेल. जो सण घराचा आहे, त्यातलं एखादं काम त्या वर्षी मुलीच्या किंवा मुलाच्या हातात सोपवा.

६. पितृपक्ष: कागदपत्रांचा पंधरवडा

भाद्रपद वद्यात बरेच लोक खरेदी करत नाहीत, शुभ बोलणी टाळतात. हे पंधरा दिवस कागदांना द्या. दोघांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, आधार, फोटो एका पिशवीत जमवा. नावातले फरक बघा. आमच्या जावयांच्या आधारवर वडिलांचं नाव वेगळ्या स्पेलिंगमध्ये होतं, ते दुरुस्त करायला वेळ लागला.

विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदणी पद्धतीने लग्न करायचं असेल तर नोटीस याच सुमाराला द्यावी लागेल. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. लगीनघाईत हे दिवस मोजायचे राहून जातात. लग्नानंतर दोघं परदेशी जाणार असतील तर पासपोर्टची मुदतही आत्ताच बघून घ्या.

७. नवरात्र ते कोजागिरी

पत्रिकेचा मजकूर घटस्थापनेच्या आत छापखान्यात जावा. छापून आल्यावर पहिली पत्रिका गणपतीला, दुसरी कुळस्वामिनीला. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर इथे नवरात्रात भयंकर गर्दी असते. तुळजापूरला तर कोजागिरीलाही मोठी यात्रा असते, सोलापूरकडून लोक चालत येतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं असेल तर कोजागिरी उलटल्यावर मंगळवार-शुक्रवार सोडून मधल्या वारी जा.

शिक्षकांनी सहामाही परीक्षेचे पेपर या काळात तपासून संपवावेत. मी दिवाळीवर ठेवले आणि पस्तावले.

८. दिवाळी, आणि दोन रात्री बाहेर

दिवाळीत दोन फराळ एकदम येतात, सणाचा आणि रुखवताचा. दोन्ही घरी करायचा हट्ट धरू नका. आम्ही ठरवलं की चकली, करंजी आणि बेसनाचे लाडू घरी, बाकी सगळं गावातल्या बचत गटाच्या बायकांकडून. रुखवताचं तर सगळंच त्यांना सांगितलं आणि ते लग्नाच्या आठवड्यात ताजं आणलं. करंज्यांच्या दिवशी विहीणबाई आणि त्यांची लेक दुपारी आल्या. त्यांच्याकडे सारणात खसखस जास्त, आमच्याकडे खोबरं. दोन परातींत दोन सारणं केली. कातणं एकच होतं, ते हातोहात फिरत होतं. लग्नाचं बोलणं त्या चार तासांत फार थोडं झालं, पण त्या दिवशी माझ्या लेकीला कळलं की तिच्या सासूला चहात आलं चालत नाही आणि सासूला कळलं की हिला पहाटे उठणं जड जातं. दोघी त्यावर हसल्या. सणाच्या कामाला एकदा तरी एकमेकांकडे बसा, हॉटेलातल्या जेवणापेक्षा ते फार चांगलं.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही पाचच जण गुहागरला गेलो. पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून पुढे. दोन रात्री. सगळ्यांनी वेड्यात काढलं, लग्न महिन्यावर आलं आणि तुम्ही फिरायला निघालात म्हणून. मला आता वाटतं की लग्नावर आम्ही जो खर्च केला त्यातला सगळ्यात सत्कारणी लागलेला हा. अशी सहल करायची असेल तर काही गोष्टी पाळा. जागा गाडीने चार-पाच तासांच्या आत हवी. दिवाळीच्या सुट्टीत घरगुती राहण्याच्या जागा लवकर भरतात, म्हणून गणपतीतच सांगून ठेवा. लग्नाची वही घरी राहू द्या आणि फोन घ्यायला नात्यातल्या एकाला बसवा, आमच्या दिरांनी ते दोन दिवस सांभाळले. आणि बरोबर फक्त घरातली माणसं. मावश्या-आत्या लग्नाला येणारच आहेत.

व्याडेश्वराचं दर्शन घेतलं, संध्याकाळी समुद्रावर बसलो. सासूबाईंनी चाळीस वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. नात त्यांचा हात धरून घोटाभर पाण्यात उभी होती. यजमान एरवी फारसे बोलत नाहीत, त्यांनी लेकीला स्वतःच्या पहिल्या पगाराची गोष्ट सांगितली. ती मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

९. केळवणं मोजून घ्या

तुळशीचं लग्न लागलं की केळवणांची बोलावणी सुरू होतात. सगळ्यांचं प्रेम असतं, नाही म्हणवत नाही, आणि मग मुलगी ऑफिसातून दमून येऊन रोज पुरणपोळी खाते. लग्नाआधी आठ दिवस पोट बिघडलेल्या नवऱ्या मुली खूप पाहिल्या आहेत. वहीत केळवणांचं एक पान करा आणि आठवड्याला दोनच घ्या. एकाच गावातल्या, एकाच वाड्यातल्या घरांना मिळून एक करायला सांगा, त्यांनाही ते सोपं जातं. मित्र-मैत्रिणींचं केळवण दिवाळीच्या सुट्टीतच होऊ द्या. शेवटच्या चार दिवसांत एकही नको. उरलेल्यांना सांगा, "लग्नानंतर जोडीनं येऊ."

केळवणाला गेलं की साडी-ब्लाउजपीस येतोच. वहीत लगेच टिपून ठेवा, पुढे त्यांच्या घरच्या कार्याला उपयोगी पडतं.

१०. शेवटचे आठ दिवस

गॅसचा जादा सिलिंडर आणा, पाण्याची टाकी धुऊन घ्या, गाद्या उन्हात टाका. दूधवाल्याला रोजचा आकडा लिहून द्या. वऱ्हाडासाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेणार असाल तर आगारात फार आधी विचारा, लग्नसराईत सगळ्यांनाच हवी असते. हळदीच्या रात्री गाणी-नाच असतील तर दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, रात्री दहा ते सकाळी सहा त्याला मनाई आहे. शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगा, त्यांच्याकडेही कोणाची परीक्षा असेल.

देवक कधी बसवायचं ते गुरुजींशी नीट बोलून ठरवा. देवक बसलं की ते उठेपर्यंत सोयर-सुतक धरत नाहीत. ज्या घरात कोणी फार आजारी आहे त्यांनी ग्रहमख आणि देवक एक-दोन दिवस आधीच करून घेणं बरं, मनावरचा ताण जातो.

लग्नाच्या दिवशी घरी कोण थांबणार, ते नाव वहीत लिहा. दागिने, पैसे, आहेराची पिशवी यांसाठी एकच माणूस नेमा, आणि त्याला दुसरं कोणतंही काम देऊ नका. हॉलमध्ये आजी-आजोबांजवळ एक मोठं नातवंड बसवा, गोळ्यांची डबी त्याच्या खिशात. आमच्या धाकट्याने हे काम केलं. मंगलाष्टका चालू असताना तो आजीला पाणी देत होता, आणि अक्षता मात्र दोघांनी मिळून टाकल्या.

नोंदणीचं एक काम लग्नमंडपातच होऊ शकतं. विवाह नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदार आणि पुरोहित यांच्या सह्या लागतात. अर्ज आधी आणून भरून ठेवा, गुरुजी दक्षिणा घेऊन निघण्यापूर्वी त्यांची सही घ्या, साक्षीदारांच्या आधारची प्रत जमवा. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत अर्ज ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा प्रभाग कार्यालयात द्यायचा असतो. नंतर गुरुजींना शोधत फिरण्यात सुट्टीचे दिवस जातात.

११. लग्न झालं, संक्रांत आली

तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्ताला पहिली संक्रांत महिना-दीड महिन्यातच येते. नव्या नवरीचं हळदीकुंकू, काळी साडी, हलव्याचे दागिने, जावयाला हलव्याचा हार आणि नारळ. हे दागिने करणाऱ्या बायकांकडे डिसेंबरात मागणी फार असते, म्हणून लग्नाच्या धामधुमीतच त्यांना सांगून ठेवा. माप लागतं, मनगटाचं आणि कमरेचं. मी हळदीच्या दिवशी बांगड्या भरताना लेकीच्या मनगटाचं माप सुतळीने घेतलं आणि ती सुतळी वहीच्या शेवटच्या पानाला, सणांच्या यादीशेजारी, टाचून ठेवली.